वसंतांतील हिमलोट : अंदाजाचा इतिहास

वसंत हा शब्द उच्चारतांच मराठी माणसाच्या मनासमोर आंब्याचा मोहोर, कोकिळेचा स्वर आणि पळसाचीं केशरी फुलें उभीं राहतात. सह्याद्रीच्या कुशींत राहणाऱ्या लोकांना डोंगराचें भय ठाऊक आहे. पण तें पावसाळ्यांतलें. आषाढ-श्रावणांत माती पाण्यानें जड होते आणि दरड कोसळते. ऐन वसंतांत, स्वच्छ उन्हांत डोंगर अंगावर येईल ही कल्पना येथें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. आल्प्स, रॉकी किंवा हिमालय यांच्या उंच दऱ्यांत राहणारा माणूस मात्र या ऋतूकडे निराळ्या दृष्टीनें पाहतो. चार-पांच महिने सांठलेलें हिम याच दिवसांत पाणी पिऊं लागतें, आणि ज्या उतारावर तें सबंध हिंवाळाभर निमूटपणें बसलेलें असतें तो उतार एखाद्या दुपारीं एकाएकीं सोडून देतें. यालाच हिमस्खलन म्हणतात. हिमाचा लोट म्हणून हिमलोट असेंहि म्हणतां येईल. हा लोट केव्हां सुटेल हें आधीं कसें ओळखावें, या एका प्रश्नाभोंवतीं गेल्या दीडशें वर्षांत एक शास्त्र उभें राहिलें आहे. तें शास्त्र सुखासुखीं उभें राहिलेलें नाहीं. त्याच्या बहुतेक पायऱ्यांखालीं माणसें गाडलीं गेलेलीं आहेत.

आरंभींच एक भेद ध्यानांत ठेवणें बरें. व्यवहारांत हिम आणि बर्फ हे दोन्ही शब्द एकाच अर्थानें वापरले जातात. पण आकाशांतून पडतें तें हिम. तें पिंजलेल्या कापसासारखें असतें आणि त्यांत हवाच अधिक असते. पाणी गोठून जो घट्ट, पारदर्शक दगड बनतो तो बर्फ. नुकतें पडलेलें हिम एक घनमीटर घेतलें तर त्याचें वजन शंभर किलोच्या आंतबाहेर भरतें. तेंच हिम वसंतांत भिजून दबलें म्हणजे तितक्याच जागेंत चारशें-पांचशें किलो भरतें. हिंवाळ्यांतला कोरडा लोट वाऱ्यासारखा धांवतो. त्याचा वेग ताशीं दोनशें-तीनशें किलोमीटरांपर्यंत जाऊं शकतो. वसंतांतला ओला लोट त्या मानानें संथ. पण तो ओल्या सिमेंटसारखा घरंगळत येतो, आणि त्याच्या वाटेंत आलेलें झाड, घर किंवा आगगाडीचा डबा तो सहज उचलून नेतो.

हें सामर्थ्य किती असतें, तें १९१० सालच्या मार्च महिन्याच्या पहिल्या तारखेस अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत दिसून आलें. कॅस्केड पर्वताच्या ऐन माथ्याजवळ, ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या एका बोगद्याच्या पश्चिम तोंडाशीं वेलिंग्टन नांवाचें लहानसें स्टेशन होतें. स्पोकेनहून सिॲटलकडे निघालेली एक उतारूंची गाडी आणि तिच्याबरोबरची एक टपालगाडी अशा दोन गाड्या फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यांत तेथें अडकून पडल्या. हिमवृष्टि थांबत नव्हती. पुढचा आणि मागचा असे दोन्ही मार्ग लहानमोठ्या लोटांनीं बुजून गेले. हिम उडविणारीं यंत्रें स्वतःच रुतून बसलीं, कोळसा संपत आला, तारायंत्राच्या तारा तुटल्या. उतारूंना डब्यांच्या खिडक्यांतून वरचा उघडा उतार दिसत होता. पूर्वीं लागलेल्या वणव्यांत त्यावरचीं झाडें जळून गेलेलीं होतीं. गाड्या मागें बोगद्यांत नेऊन ठेवाव्या अशी मागणी कांहींनीं केली. परंतु बोगद्यांत इंजिनाच्या धुरानें जीव गुदमरेल, थंडी व ओल सोसणार नाहीं, शिवाय गाड्या हलविण्यापुरता कोळसाहि नाहीं, असे विचार आडवे आले. कांहीं उतारूंनीं धीर करून डब्यांचा आश्रय सोडला आणि ते पायीं डोंगर उतरून खालच्या स्टेशनापर्यंत सुखरूप पोहोंचले. बाकीचे डब्यांतच राहिले.

अठ्ठावीस तारखेस हवा पालटली. थंडी ओसरली, हिमाऐवजीं पाऊस पडूं लागला आणि रात्रीं विजा चमकूं लागल्या. अडकलेल्या माणसांपैकीं अनेकांना हा पालट शुभ वाटला असल्यास नवल नाहीं. पाऊस म्हणजे हिमवृष्टीचा शेवट असेंच कोणासहि वाटेल. पण नऊ दिवसांच्या नव्या हिमावर पडणारा पाऊस हें अनर्थाचें निश्चित चिन्ह असतें. मध्यरात्र उलटून गेल्यावर, पावणेदोनच्या सुमारास, वरचा सबंध उतार सुटला. दोन्ही गाड्या, इंजिनें आणि रुळांजवळच्या इमारती त्यानें दीडशें फूट खालीं टाय नदीच्या पात्रांत लोटून दिल्या. शहाण्णव माणसें मृत्यु पावलीं, तेवीस वांचलीं. शेवटचीं प्रेतें हातीं लागलीं तेव्हां उन्हाळा आला होता. अमेरिकेच्या इतिहासांत एका हिमलोटानें घेतलेले इतके बळी दुसरे नाहींत.

याच आठवड्यांत, चार मार्चला, कॅनडांतील रॉजर्स खिंडींत दुसरा अनर्थ घडला. तेथें रेल्वेमार्गावर एका बाजूनें आलेला लोट उपसण्याचें काम रात्रीं चाललें होतें. तेवढ्यांत समोरच्या डोंगरावरून दुसरा लोट आला आणि त्यानें अठ्ठावन्न कामगारांना गाडलें. त्यांतले निम्म्याहून अधिक जपानी मजूर होते. एक लोट पडून गेला म्हणजे धोका संपला, हा समज किती खोटा आहे हें त्या रात्रीनें शिकविलें.

दोन्ही रेल्वे कंपन्यांनीं यावर जो उपाय केला तो अभियंत्याचा उपाय होता. कॅनडांत १९१६ सालीं खिंडीच्या पोटांतून पांच मैलांचा बोगदा खोदण्यांत आला. वेलिंग्टनचा मार्गहि १९२९ मध्यें जवळजवळ आठ मैलांचा नवा बोगदा झाल्यावर कायमचा सोडून देण्यांत आला. पण डोंगर टाळणें निराळें आणि डोंगर जाणणें निराळें. वेलिंग्टनच्या प्रकरणीं भरपाईचा दावा वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९१४ मध्यें त्या न्यायालयानें कंपनीला दोषी धरलें नाहीं. ही आपत्ति मनुष्याच्या तर्काबाहेरची आहे, अशीच तेव्हांची समजूत होती. कायद्याच्या भाषेंत अशा घटनेला ईश्वरी कोप म्हणतात. गेल्या शंभर वर्षांत या विषयांत जें कांहीं घडलें तें या एका शब्दाला दिलेलें उत्तर आहे.

वास्तविक ज्ञान अगदींच नव्हतें असें नाहीं. आल्प्सच्या खेड्यांतील लोक शेंकडों वर्षें हिमलोटांच्या शेजारीं नांदत आले होते. स्वित्झर्लंडमधील अँडरमाट गांवाच्या वर एक त्रिकोणी रान आहे. तें रान गांवाला लोटांपासून वांचवितें, म्हणून तेथील झाड तोडण्यास बंदी करणारा लेख १३९७ सालीं लिहिला गेला. दरवर्षीं ज्या घळींतून वसंतांतला लोट उतरतो त्या घळीला नांव असे, आणि तो उतरून जाईपर्यंत तिच्या खालच्या वाटेनें कोणी जात नसे. हवेंत उडत येणारा धुळीचा लोट वेगळा आणि जमिनीसकट खरवडत येणारा वसंतांतला लोट वेगळा, हा भेदहि त्यांना ठाऊक होता. या विखुरलेल्या माहितीला पहिलें शास्त्रीय रूप योहान कोआझ यानें दिलें. हा गृहस्थ पेशानें वनाधिकारी आणि वृत्तीनें गिर्यारोहक. पिझ बर्निना या चार हजार मीटरांहून उंच शिखरावर १८५० सालीं प्रथम पाऊल ठेवणाऱ्यांत तो होता. स्विस आल्प्समधील लोटांवरचा त्याचा ग्रंथ १८८१ सालीं प्रसिद्ध झाला. लोट कोठून सुटतात, कोठवर येतात, कोणत्या ऋतूंत व कोणत्या हवेंत येतात याची पद्धतशीर नोंद ठेवावी आणि त्यावरून झाडें कोठें लावावीं व बांध कोठें घालावे हें ठरवावें, असें त्याचें प्रतिपादन होतें.

ग्रामस्थांच्या या ज्ञानाला एक मर्यादा होती. तें आपल्या गांवापुरतें, आपल्या घळीपुरतें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं डोंगरांत दोन नव्या गोष्टी शिरल्या : एक आगगाडी आणि दुसरी स्की. लांकडाच्या लांब पट्ट्या पायांना बांधून हिमावरून घसरत जाण्याची ही विद्या नॉर्वेहून मध्य युरोपांत आली. जर्मन भूगर्भशास्त्रज्ञ विल्हेल्म पाउल्के यानें १८९७ सालीं सोबत्यांसह बर्नच्या उंच हिमप्रदेशाची स्कीवरून यात्रा केली. ज्या उतारांवर हिंवाळ्यांत आणि वसंतांत कोणीच जात नसे तेथें आतां हौसेनें जाणारीं माणसें दिसूं लागलीं. त्यांच्या सोबतीला कोणा आजोबांची स्मृति नव्हती. म्हणून हिमाकडेच जाऊन त्याला विचारणें भाग पडलें.

ही विचारणा स्वित्झर्लंडांत सर्वांत चिकाटीनें झाली. १९३१ सालीं तेथें हिम व हिमलोट यांच्या संशोधनासाठीं एक मंडळ नेमण्यांत आलें, आणि १९३६ सालीं डाव्होस गांवाच्या वर, वाइसफ्लूयोख नांवाच्या सुमारें २६०० मीटर उंचीच्या खिंडीजवळ, हिमाची प्रयोगशाळा सुरू झाली. हेन्री बाडर, रॉबर्ट हेफेली इत्यादि शास्त्रज्ञ तेथें हिमांत खड्डे खणून बसले. स्फटिकशास्त्र जाणणारे आणि मातीच्या बळाचा अभ्यास करणारे असे निरनिराळ्या विद्यांचे लोक तेथें एकत्र आले, हें त्या प्रयोगशाळेचें वैशिष्ट्य होय. त्याच सुमारास इंग्लंडांत जेराल्ड सेलिग्मन याचा हिमाच्या रचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९३९ सालीं डाव्होसच्या मंडळीनें आपले निष्कर्ष छापले. त्यांचें सार असें कीं, हिम जमिनीवर पडल्यावर मरून पडत नाहीं. तें सतत रूप बदलत असतें.

प्रत्येक हिमवृष्टि आपला एक थर ठेवून जाते. नदीकांठच्या दरडींत गाळाचे थर जसे ओळखतां येतात, तसे खड्ड्याच्या भिंतींत हिमाचे थर ओळखतां येतात. कांहीं थर घट्ट असतात, तर कांहीं साखरेच्या रव्यासारखे सुटे. जमीन उबदार आणि वरची हवा अतिशय थंड असली म्हणजे खालच्या हिमाची वाफ होऊन वर सरकते आणि तिचे मोठे, एकमेकांना न धरणारे स्फटिक बनतात. अशा सुट्या दाण्यांवर एखादी जड लादी बसली कीं सापळा तयार होतो. हा सापळा पारखण्यासाठीं हेफेलीनें एक साधें उपकरण बनविलें. टोंकाला शंकु असलेली एक नळी हिमांत उभी धरावयाची, तिच्यावर ठराविक उंचीवरून ठराविक वजन सोडावयाचें आणि दर ठोक्याला ती किती आंत जाते हें मोजावयाचें. ज्या माणसाला हिमाचा पृष्ठभागच काय तो दिसत असे, त्याला आतां त्याच्या पोटांतलें कळूं लागलें.

वसंत या सर्व रचनेंत एक नवें पात्र आणतो. तें म्हणजे पाणी. हिंवाळ्यांत हिमाचा सांठा वरून फार थंड आणि तळाशीं शून्य अंशाच्या जवळपास असतो. ऊन वाढूं लागलें कीं सबंध सांठ्याचें तपमान हळूहळू शून्यावर येतें. त्यानंतर मिळालेली उष्णता तपमान वाढविण्यांत जात नाहीं. ती हिम वितळविण्यांतच खर्च होते. वितळलेलें पाणी दाण्यादाण्यांमधून झिरपत खालीं जातें, आणि दाण्यांना जोडणारे जे बारीक सांधे असतात ते प्रथम वितळवितें. वाटेंत एखादा कठीण थर लागला तर तें त्यावर सांचतें आणि वरच्या थराखालीं निसरडी वाट तयार करतें. थोडक्यांत, वजन वाढतें आणि पकड सुटते. पावसाळ्यांत सह्याद्रीच्या दरडींत जें घडतें त्याच्याशीं याचें नातें जवळचें आहे.

परंतु येथें एक गोष्ट अशी आहे कीं तिच्यामुळें वसंतांतला धोका हिंवाळ्यांतल्या धोक्याहून निराळा ठरतो. रात्र झाली, आकाश निरभ्र असलें, कीं हिमाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे फेंकून देतो आणि पुन्हां गोठतो. हवा शून्याच्या किंचित् वर असली तरीहि हें घडूं शकतें. पहाटे तोच उतार दगडासारखा टणक झालेला असतो. त्यावरून मनुष्य निर्धास्त चालत जातो. सूर्य वर आला कीं तें कवच मऊ पडूं लागतें आणि दुपारीं त्याच जागेवर पाय गुडघ्यापर्यंत जातो. पूर्वेकडे तोंड असलेला उतार सर्वांआधीं सुटतो, मग दक्षिणेकडचा, मग पश्चिमेकडचा. उत्तरेकडचा सर्वांत शेवटीं ओला होतो, आणि तो कित्येकदां लोक ऋतु संपला असें समजून निष्काळजी झाल्यावर. हिंवाळ्यांत विचारावयाचा प्रश्न, ‘हा उतार कसा आहे?’ असा असतो. वसंतांत तो, ‘हा उतार किती वाजतां कसा असेल?’ असा होतो. हिंवाळ्याचा धोका दिवसेंदिवस दबा धरून बसतो. वसंताचा धोका घड्याळाप्रमाणें येतो आणि जातो.

मात्र घड्याळ नेहमींच बरोबर चालत नाहीं. रात्रीं ढग आले म्हणजे ते डोंगरावर गोधडीसारखे पसरतात. उष्णता वर जात नाहीं आणि पृष्ठभाग गोठत नाहीं. अशा दोन-तीन रात्री लागोपाठ गेल्या, किंवा उंचावर पाऊस पडला, तर सुरक्षित पहाट अशी उरतच नाहीं. वेलिंग्टनला लोट मध्यरात्रीं सुटला तो याच कारणानें. दुसरें असें कीं, पाणी प्रथमच ज्या हिमांत शिरतें तेंच हिम सर्वांत अविश्वसनीय असतें. अनेकवार वितळून गोठलेलें हिम जाड दाण्यांचें होतें आणि त्यांतून पाणी निथळून जातें. असें हिम वसंत सरतां सरतां पुष्कळसें स्थिर होतें. कोरड्या थरांना पहिलें पाणी लागण्याचे जे थोडे दिवस असतात त्यांतच मोठे लोट येतात.

हें ज्ञान प्रयोगशाळेंत राहून कोणाचा जीव वांचला नसता. तें लोकांपर्यंत नेण्याची सोय युद्धाच्या निमित्तानें झाली. दुसऱ्या महायुद्धांत स्विस सैन्याला उंच खिंडींत पहारे ठेवावे लागले आणि सैनिकांसाठीं धोक्याच्या सूचना निघूं लागल्या. युद्ध संपल्यावर, १९४५ पासून, हेंच काम डाव्होसच्या संस्थेनें नागरिकांसाठीं पत्करलें, आणि वर्तमानपत्रें व रेडिओ यांच्या द्वारें हिमलोटांचें भविष्य घरोघर पोहोंचूं लागलें. पुढें १९५०-५१ चा हिंवाळा आला. त्या एका हिंवाळ्यांत केवळ स्वित्झर्लंडमध्यें अठ्ठ्याण्णव माणसें हिमलोटांत मेलीं. त्यानंतर वरच्या उतारांवर पोलादी कुंपणें, रानांची लागवड, धोक्याच्या भागांचे नकाशे आणि त्या नकाशांवर आधारलेली बांधकामबंदी यांकडे शासनानें मन लावून लक्ष दिलें. अमेरिकेंत हेंच कार्य माँटगोमेरी ॲटवॉटर या युद्धावरून परतलेल्या सैनिकानें यूटा राज्यांतील आल्टा येथें युद्धानंतर लगेच हातीं घेतलें. धोका ओळखून थांबण्याऐवजीं, माणसें येण्यापूर्वींच स्फोटकांनीं लोट पाडून टाकावा, हा त्याच्या पद्धतीचा गाभा होता.

१९९३ सालीं युरोपांतील निरनिराळ्या देशांच्या संस्थांनीं धोक्याचें एकच माप ठरविलें. त्याच्या पांच पायऱ्या आहेत. पहिली किरकोळ धोक्याची, पांचवी अत्यंत धोक्याची. वसंताच्या दृष्टीनें महत्त्वाची सुधारणा पुढें झाली. कांहीं संस्था या ऋतूंत एकाच दिवसासाठीं दोन नकाशे काढूं लागल्या; एक सकाळचा, दुसरा दुपारचा. सकाळीं ज्या प्रदेशावर पहिल्या पायरीचा रंग असतो त्यावर दुपारीं तिसऱ्या पायरीचा रंग चढलेला दिसतो. खेड्यांतील म्हाताऱ्यांना एका घळीविषयीं जें ठाऊक होतें तें आतां सबंध पर्वतराजीविषयीं कागदावर उतरलें.

असा नकाशा हातीं असला तरी प्रत्यक्ष उतारावर निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. जाणता वाटाड्या त्या वेळीं मोजकेच प्रश्न विचारतो. रात्रीं आकाश मोकळें होतें काय? पृष्ठभाग नुसता पापडासारखा गोठला आहे, कीं खोलवर? सूर्य कोणत्या उताराला केव्हां भिडेल, आणि त्या वेळीं आपली मंडळी कोठें असतील? उताराचा कल तीस अंशांहून अधिक आहे काय? वर वाऱ्यानें बाहेर झुकविलेला हिमाचा छज्जा लोंबतो आहे काय? वरून हिमाचे गोळे आपोआप घरंगळूं लागले, पाय घोट्याच्या वर रुतूं लागला, किंवा गवताळ उतारावरच्या हिमांत आडव्या भेगा फांकलेल्या दिसल्या, कीं तो मुकाट्यानें मागें फिरतो. म्हणूनच वसंतांत शिखराकडे निघणारीं माणसें रात्रीं दोन-तीन वाजतां दिवे घेऊन बाहेर पडतात आणि दुपारच्या आंत खालीं येतात.

इतकी साधनें असून माणसें मरतात, हें मात्र थांबलेलें नाहीं. कोरड्या हिमाच्या लोटांत जे सांपडतात त्यांपैकीं दहांत नऊ वेळां तो लोट त्यांनीं स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यांनींच सोडविलेला असतो. ओला लोट बहुधा आपण होऊन सुटतो, आणि म्हणून तेथें चूक पावलाची नसून वेळेची असते. इयन मॅकॅमन या अमेरिकन अभ्यासकानें सातशेंहून अधिक अपघात तपासून २००४ च्या सुमारास जे निष्कर्ष मांडले ते मननीय आहेत. ओळखीचा उतार, ठरवून टाकलेलें ध्येय, सोबत्यांपुढें कमीपणा येईल ही भीति, जाणत्या समजलेल्या माणसावर भार टाकण्याची संवय आणि पुढें गेलेल्यांचीं पावलें, या गोष्टी धोक्याचीं चिन्हें डोळ्यांसमोर असतांनाहि माणसाला पुढें ओढतात. हिमाचें अज्ञान कमी झालें तसें मनाचें अज्ञान उघडें पडलें. गाडला गेलेला मनुष्य पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर वांचण्याची आशा मोठी असते. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आंकड्यांप्रमाणें पस्तीस मिनिटांनंतर मात्र दहांपैकीं तीनच जगतात. ओलें हिम तर थांबतांक्षणींच घट्ट होऊन बसतें आणि श्वासाला जागा ठेवीत नाहीं. म्हणून शोधण्याच्या सर्व साधनांपेक्षां आधींचा अंदाज अधिक मोलाचा.

हा विषय केवळ परदेशचा नाहीं. १९७९ च्या मार्चमध्यें हिमाचल प्रदेशांतील लाहौलच्या खोऱ्यांत लोटांमागून लोट येऊन दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. हिंदुस्थानांत या शास्त्राचें काम पाहणारी संरक्षण खात्याची संस्था १९६९ मध्यें मनाली येथें स्थापन झाली होती. २०२० पासून तिचें काम चंदीगडच्या नव्या नांवाच्या संस्थेकडे आलें आहे. सैन्याच्या ठाण्यांसाठीं आणि डोंगरी रस्त्यांसाठीं तेथून लोटांच्या सूचना निघतात. हल्लीं मुंबई-पुण्याचीं कितीतरी कुटुंबें उन्हाळ्याच्या सुटींत सिक्कीम, काश्मीर किंवा हिमाचलांत हिम पाहण्यास जातात. त्यांना ४ एप्रिल २०२३ ची घटना माहीत असणें अगत्याचें आहे. गंगटोकहून नाथुला खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पंधराव्या मैलाजवळ दुपारच्या सुमारास लोट आला आणि सात पर्यटक मृत्यु पावले. परवाने तेराव्या मैलापर्यंतचेच होते, असें तेथील अधिकाऱ्यांनीं सांगितलें. रस्त्याकडेला मऊ, पांढरें हिम पसरलेलें, वर ऊन पडलेलें, आणि तेंच हिम पाहण्यासाठीं शेंकडों कोसांवरून आलेलीं माणसें. अशा वेळीं दोन मैल मागें राहणें किती कठीण वाटतें!

२८ फेब्रुवारी २०२५ रोजीं पहाटे उत्तराखंडांत बदरीनाथाजवळच्या माणा गांवापाशीं रस्ते बांधणाऱ्या कामगारांच्या छावणीवर लोट कोसळला. छावणींत चौपन्न कामगार होते. सैन्यानें आणि इतर पथकांनीं हिमवृष्टींत शर्थ करून शेहेचाळीस जणांना वांचविलें; आठ गेले. हा लोट उन्हानें भिजलेल्या हिमाचा नव्हता. लागोपाठ पडलेल्या नव्या हिमाचा होता. पण लक्षांत घेण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. आदल्या सायंकाळीं चंदीगडच्या संस्थेनें चमोली जिल्ह्यांतील उंच भागासाठीं पुढच्या चोवीस तासांची सूचना प्रसिद्ध केलेली होती. वेलिंग्टनच्या उतारूंना जें सांगण्यास कोणी नव्हतें तें एकशें पंधरा वर्षांनीं सांगितलें गेलें होतें.

यावरून या इतिहासाचा रोख स्पष्ट होतो. ज्याला न्यायालयानें मनुष्याच्या तर्काबाहेरचें मानलें, तें आज बऱ्याच अंशीं तर्कांत बसतें. कोणता उतार, कोणत्या हवेंत, दिवसाच्या कोणत्या प्रहरीं भिण्यासारखा आहे हें सांगतां येतें. अमुक क्षणीं अमुक जागीं लोट सुटेल असें मात्र कोणतेंहि शास्त्र सांगत नाहीं, आणि सांगण्याचा आवहि आणीत नाहीं. उरलेलें अंतर माणसाच्या वागण्यानें भरून काढावयाचें असतें. सूचना आणि छावणी यांच्यामधलें, परवाना आणि पंधरावा मैल यांच्यामधलें, पहाटेचें कठीण कवच आणि दुपारचा चिखल यांच्यामधलें जें अंतर आहे तेथेंच आज माणसें मरतात. आल्प्समधील खेडूत घळींतला लोट उतरून जाईपर्यंत खालच्या वाटेनें जात नसे. त्याला स्फटिकांची माहिती नव्हती. पण थांबणें ठाऊक होतें. शास्त्रानें त्याच्या ज्ञानांत पुष्कळ भर घातली. त्याचें थांबणें मात्र प्रत्येकानें स्वतःच शिकावयाचें आहे, आणि तेंहि स्वच्छ उन्हांत, शिखर समोर दिसत असतांना.